एक इंच, एक सूत

वरळीत हिंद सायकल मार्ग नावाचा एक रस्ता आहे. नाव वाचून सायकल ट्रॅक शोधायला जाऊ नका. तिथे हिंद सायकल्स लिमिटेडचा कारखाना होता, त्याची ही आठवण. 1980 साली संसदेने कायदा करून दोन सायकल कंपन्या सरकारी मालकीच्या केल्या. एक वरळीची हिंद सायकल्स आणि दुसरी बंगालमध्ये आसनसोलची सेन-रॅले. कायद्याच्या नावातच दोघी शेजारी शेजारी आहेत. आज दोन्ही ब्रँड दुकानात मिळत नाहीत, पण त्या काळच्या सायकली अजून आहेत. वाशी, नेरुळ, ठाणे, डोंबिवली, कुठल्याही जुन्या सोसायटीच्या जिन्याखाली बघा. धुळीने माखलेली, टायर बसलेले, पण फ्रेम मात्र शाबूत.

गेल्या काही वर्षांत या फ्रेम पुन्हा बाहेर निघू लागल्या आहेत. आजोबांची सायकल रंगवायची, हलकी चाकं लावायची आणि रविवारी पहाटे पामबीच रोडवर काढायची, हा छंद जोरात आहे. यात पहिली अडचण बहुतेक वेळा एकाच जागी येते. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, गंजलेला किंवा वाकलेला असतो. नवा फोर्क आणला तर तो बसत नाही. किंवा बसतो, आणि तेच जास्त धोक्याचं असतं.

हा जोड कसा असतो ते आधी पाहू. फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीत वर एक आणि खाली एक असे दोन कप ठोकलेले असतात. फोर्कची दांडी खालून वर येते. तिच्या मुळाशी एक रिंग दाबून बसवलेली असते. कप आणि रिंगच्या मध्ये छर्रे फिरतात. वर दांडीला आटे असतात, त्यावर नट फिरवून सगळं आवळायचं. या सगळ्या संचाला हेडसेट म्हणतात. म्हणजे चार मापं जुळायला हवीत: दांडीचे आटे, कपाचा व्यास, मुळाशी रिंग बसते तिथला व्यास आणि दांडीची लांबी. एक जरी चुकलं तरी हँडल एक तर अडकतं किंवा खुळखुळतं.

आता इतिहास. 1841 साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने सुचवलं की देशभर स्क्रूचे आटे एकाच प्रमाणात असावेत. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. कल्पना मान्य झाली, पण सायकलवाल्यांना बारीक आटे हवे होते. पातळ नळीवर जाड आटे पाडले तर नळीत उरतं काय? म्हणून त्यांनी आपली वेगळी मापं ठरवली. फोर्कच्या दांडीचा बाहेरचा व्यास सगळ्यांनी एक इंच ठेवला आणि त्यावर दर इंचाला 24 आटे हे माप रूढ झालं. नॉटिंगहॅमची रॅले कंपनी मात्र 26 आट्यांवर अडून राहिली, ती थेट 1980च्या दशकापर्यंत. ग्राहकाने सुटे भाग आपल्याकडूनच घ्यावेत, हा हिशेब त्यात नसेल असं मला वाटत नाही. फोनच्या चार्जरवरून आपण हेच बघितलं आहे.

आता 24च्या नटला 26च्या दांडीवर फिरवा. 24च्या दोन आट्यांतलं अंतर 1.058 मिलिमीटर, 26च्या आट्यांतलं 0.977. फरक 0.08 मिमी. पहिला फेरा सहज जातो, दुसराही जातो. पण प्रत्येक फेऱ्याला तो फरक साठत जातो आणि पाचव्या फेऱ्यापर्यंत 0.4 मिमी होतो, म्हणजे जवळपास अर्धा आटा. आता नट अडकतो. इथे हातात लांब पाना असलेला माणूस जोर लावतो. नट पुढे सरकतो, कारण तो दांडीचे आटे कापत चाललेला असतो. वरून बघितलं तर सगळं घट्ट दिसतं.

भारतात हा गोंधळ आयात झाला, तोही दोन वेगवेगळ्या दारांनी. 1949 साली मद्रासजवळ अंबत्तूरला बर्मिंगहॅमच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सच्या भागीदारीत टीआय सायकल्स उभी राहिली. तिच्या हर्क्युलिस आणि बीएसए घराघरांत गेल्या. 1952च्या सुमारास आसनसोलला सेन-रॅले सुरू झाली. गंमत अशी की 1960 साली इंग्लंडमध्ये ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सचा सायकल धंदा आणि रॅले एकत्र आले. तिकडे मायबाप एक झाले, इकडे मुलं स्पर्धकच राहिली. आणि आटे? ते कोणीच एक केले नाहीत.

मध्येच देशाने मेट्रिक पद्धत स्वीकारली. 1956चा कायदा, 1957ला नवे पैसे, 1958पासून किलो आणि मीटर. सायकलने मात्र इंच सोडला नाही. डबेवाल्यांच्या नि पोस्टमनच्या काळ्या सायकलचं चाक आजही 28 बाय दीड इंच म्हणूनच विकलं जातं. कारागिरांच्या बोलीत तर इंचाचेही तुकडे आहेत: आठ सूत म्हणजे एक इंच.

हे सूत पुढे कामाला आलं. 1990 साली अमेरिकेत जॉन रेडर यांनी आटे नसलेल्या हेडसेटच्या पेटंटसाठी अर्ज केला, 1992मध्ये ते मिळालं आणि डाया-कॉम्पे कंपनीने ते 'अहेडसेट' नावाने बाजारात आणलं. दांडीला आटेच नाहीत, हँडलचा स्टेम बाहेरून आवळायचा. भांडण मुळातूनच मिटलं म्हणायचं? नाही, कारण त्याच सुमारास माउंटन बाइकच्या लाटेत दांडीही जाड झाली. 25.4च्या जागी 28.6 मिलिमीटर, म्हणजे बरोबर एक इंच एक सूत. आज दुकानात जो सस्पेन्शन फोर्क टांगलेला दिसतो, तो बहुधा या मापाचा. जुन्या फ्रेममध्ये बसणारे कपच साधारण 30.2 मिमी व्यासाचे असतात. 28.6ची दांडी त्या नळीतून जाईलही, पण कपाच्या भिंतीला जागा उरते पाऊण मिलिमीटरच्या आसपास. तेव्हा तो नाद सोडा. वेल्डिंग करून नळी मोठी करून देतो म्हणणाऱ्यापासून तर लांबच राहा.

एक इंचाचा फोर्क मिळाला तर पुष्कळ काही जमतं, फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची: धातू काढता येतो, घालता येत नाही. जुन्या जपानी फोर्कच्या मुळाशी 27.0 मिमीची बैठक असते, आंतरराष्ट्रीय मापाची रिंग 26.4ला बसते. बैठक लेथवर 0.6 मिमीने उतरवली की काम झालं. रबाळे, पावणे, तुर्भे या पट्ट्यात एमआयडीसीच्या गल्ल्यांत लेथ चालवणारे आहेत आणि हे काम त्यांना किरकोळ आहे. उलट बाजूने, 26.4च्या बैठकीवर 27.0ची रिंग, हे करू नये. कपाचं मात्र थोडं वेगळं. जपानी कप 30.0चा आणि नळी 30.2ची असेल तर कोल्ड्रिंकच्या कॅनच्या पत्र्याची पट्टी गुंडाळून कप बसवतात. तो पत्रा साधारण 0.1 मिमी जाड असतो, दोन्ही बाजू मिळून 0.2. जुगाड आहे, पण हिशेबातला.

दांडी लांब असेल तर वरून कापता येते. आखूड असेल तर विषय संपला. कापताना खालपर्यंत आटे वाढवायची वेळ आली, तर तो फोर्क घेऊ नका. आट्यांच्या जागी नळीची भिंत पातळ होते. हँडलच्या स्टेमची पाचर त्याच पातळ भागात फुगली, तर दांडी तिथे तडकते, आणि ती तडकते चालत्या सायकलवर, ब्रेक दाबताना.

मला विचाराल तर जुना फोर्क सरळ असेल तोवर बदलूच नये. खाऱ्या हवेत नि पावसात बहुतेक वेळा मरतात ते कप आणि छर्रे. कपात खड्डे पडले की हँडल मधोमध 'टक्' करून अडकतं आणि लोक फोर्कला दोष देतात. दांडीवर इंचपट्टी धरून आटे मोजा, 24 की 26, आणि त्या मापाचा हेडसेट शोधा. 26चा सहजी मिळत नाही, तेव्हा जुन्या रॅलेचा वरचा नट चांगला असेल तर भंगारात टाकू नका.

बसवून झालं की पुढचा ब्रेक दाबून धरा, दुसऱ्या हाताची बोटं खालच्या कपावर ठेवा आणि सायकल पुढे-मागे हलवा. बोटांना खुळखुळ जाणवली तर वरचा नट अजून थोडा आवळा. मग हँडल उचलून डावी-उजवीकडे फिरवून बघा, कुठेही अडता कामा नये. पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर हेच पुन्हा करा, कारण नवे कप नळीत थोडे बसतात आणि नट सैल होतो.