बारा गाणी, सव्वादोन वर्षं : पॅट्सी क्लाईनचा 'ग्रेटेस्ट हिट्स'

आजचा विषय आहे एक अल्बम. १९६७ साली डेका कंपनीने अमेरिकेत काढलेला 'पॅट्सी क्लाईन्स ग्रेटेस्ट हिट्स'. बारा गाणी, बास. तो निघाला तेव्हा गायिकेला जाऊन चार वर्षं झाली होती. तरी अमेरिकेत त्याला पुढे 'डायमंड' प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे एक कोटी प्रतींचा टप्पा पार!

'ग्रेटेस्ट हिट्स' म्हटलं की आपल्याला वाटतं, कलाकाराची अख्खी कारकीर्द यात आली असणार. पण इथे जरा तारखा तपासू या.

पॅट्सीचा जन्म १९३२ चा, व्हर्जिनियातल्या विंचेस्टरचा. १९५४ मध्ये तिने 'फोर स्टार' नावाच्या कंपनीशी करार केला. त्यातली एक अट महागात पडली: फक्त फोर स्टारच्या मालकीचीच गाणी रेकॉर्ड करायची. बाहेरचं गाणं कितीही आवडलं तरी हात लावायचा नाही. या काळात तिने पन्नासच्या आसपास गाणी गायली आणि त्यातलं खऱ्या अर्थाने गाजलं एकच, 'वॉकिन आफ्टर मिडनाईट'. १९५७ मध्ये टीव्हीवरच्या एका स्पर्धेत तिने ते गायलं, जिंकली, आणि गाणं कंट्री चार्टवर दुसऱ्या नंबरवर गेलं. त्यानंतर तीन वर्षं जवळपास शुकशुकाट.

१९६० मध्ये करार संपला आणि ती थेट डेकाकडे आली. आता गंमत बघा. निर्माता तोच, ओवेन ब्रॅडली. शहर तेच, नॅशव्हिल. आवाजही तोच. मुख्य फरक एवढाच, की आता गाणं कुठूनही निवडता येत होतं. नोव्हेंबर १९६० मध्ये रेकॉर्ड केलेलं 'आय फॉल टू पीसेस' पुढच्या वर्षी कंट्री चार्टवर पहिलं आलं.

ते गाणं वर चढत असतानाच, जून १९६१ मध्ये नॅशव्हिलमध्ये तिच्या गाडीचा भीषण अपघात झाला. दोनच महिन्यांनी ती कुबड्या घेऊन स्टुडिओत हजर! गाणं होतं 'क्रेझी', लिहिणारा तेव्हा फारसा माहीत नसलेला विली नेल्सन. पण बरगड्या दुखत होत्या, वरचे सूर लागेनात. मग वादकांनी आपला भाग रेकॉर्ड करून ठेवला आणि तिने काही आठवड्यांनी येऊन त्यावर आवाज दिला. आज ही पद्धत नेहमीची आहे, पण तेव्हा सगळे एकत्रच वाजवत आणि गात असत.

फेब्रुवारी १९६३ मध्ये तिने 'स्वीट ड्रीम्स' रेकॉर्ड केलं. ५ मार्चला कॅन्सस सिटीतल्या मदतनिधीच्या कार्यक्रमाहून परतताना टेनेसीमधल्या कॅमडेनजवळ तिचं छोटं विमान कोसळलं. वय अवघं तीस.

आता अल्बमकडे परत येऊ. त्यातली अकरा गाणी नोव्हेंबर १९६० ते फेब्रुवारी १९६३ या काळातली. मग 'वॉकिन आफ्टर मिडनाईट'? ते आहे, पण १९५७ चं गाजलेलं रेकॉर्डिंग नाही, १९६१ मध्ये तिने डेकासाठी पुन्हा गायलेलं. (टेलर स्विफ्टच्या चाहत्यांना 'जुनं गाणं पुन्हा रेकॉर्ड करणं' काय ते वेगळं सांगायला नको!) म्हणजे या अल्बममध्ये फोर स्टारच्या काळातलं एकही रेकॉर्डिंग नाही. एक कोटी प्रती खपल्या त्या फक्त सव्वादोन वर्षांच्या आवाजाच्या.

मला यात सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. विमान अपघात सगळ्यांना आठवतो, त्यावर सिनेमेही निघाले. पण तिची सहा वर्षं एका कागदावरच्या अटीने खाल्ली, त्याची हळहळ कुणाला वाटत नाही. हिट्सच्या यादीत काय गाजलं ते दिसतं, काय गायचंच राहून गेलं ते कुठल्याच यादीत येत नाही.

तेव्हा आज हेडफोन लावा आणि 'वॉकिन आफ्टर मिडनाईट'ची दोन्ही रेकॉर्डिंग्ज पाठोपाठ ऐका, आधी १९५७ चं, मग १९६१ चं. कोणतं जास्त आवडलं ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!