पाव डॉलरात फजिती

फजिती ही वस्तू आपल्याकडे फुकट मिळते. लग्नात मिळते, बारशात मिळते, साहेबांच्या केबिनमध्ये मिळते, आणि कुठेच नाही मिळाली तर संध्याकाळी घरी आल्यावर हमखास मिळते. त्यामुळे 'पैसे देऊन फजिती करून घ्यायला माणसं रांगा लावतात' असं कुणी माझ्या वडिलांना सांगितलं असतं, तर त्यांनी त्याला आधी पाणी दिलं असतं आणि मग ओळखीच्या डॉक्टरांचा पत्ता. पण अशी रांग लागत होती. एक-दोन दिवस नव्हे, चांगली ६७ वर्षे. न्यूयॉर्क शहरात ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाला समुद्राला लागून कोनी आयलंड म्हणून भाग आहे, तिथे. (नावात आयलंड असले तरी ते आता बेट राहिलेले नाही, मधल्या खाडीत भर घालून त्याला गावाला चिकटवले आहे. मुंबईकरांना हा प्रकार समजावून सांगायला नको.)

या धंद्याचा मूळ पुरुष जॉर्ज टिल्यू. जन्म १८६२. आई-वडिलांचे समुद्रकाठी खानावळवजा हॉटेल होते, म्हणजे गिऱ्हाईक हा प्राणी त्याने पाळण्यातूनच पाहिलेला. १८७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याची शंभरी होती आणि लांबलांबचे लोक समुद्र पाहायला येत होते. आमचे जॉर्जराव तेव्हा १४ वर्षांचे. त्या वयात आम्ही कैऱ्या पाडत होतो. त्याने काय केले? सिगारच्या रिकाम्या पेट्यांत किनाऱ्यावरची वाळू भरली, बाटल्यांत समुद्राचे पाणी भरले, आणि दोन्ही वस्तू पाहुण्यांना २५ सेंटला एक अशा विकल्या. समोर अख्खा अटलांटिक महासागर फुकट पसरलेला असताना! हा मुलगा पुढे मोठा होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

१८९३ मध्ये लग्न करून स्वारी शिकागोला गेली. तिथे मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते आणि त्यात फेरिससाहेबांचा २५० फूट व्यासाचा आकाशपाळणा उभा होता. नवरी काय पाहत होती कोण जाणे, नवरा पाळणा पाहत होता. त्याने तो विकत मागितला. मिळाला नाही. तेव्हा त्याने निम्म्या मापाचा एक पाळणा करायला टाकला, घरी परत आला, आणि मोकळ्या जागेवर पाटी ठोकली की जगातला सर्वांत मोठा पाळणा याच जागी उभा राहणार आहे. त्या पाटीच्या जोरावर आजूबाजूची जागा त्याने फेरीवाल्यांना भाड्याने दिली आणि पाळण्याचे पैसे फेडले. आपल्याकडे आधी पाटी आणि मग इमारत ही पद्धत बिल्डर लोकांनी काढली असा माझा समज होता.

पुढे १८९७ साली त्याने कुंपण घातले, फाटक केले, आणि 'स्टीपलचेस पार्क' सुरू झाले. स्टीपलचेस म्हणजे अडथळ्यांची घोड्यांची शर्यत. इथले घोडे यांत्रिक. रुळांवरून उताराने धावणारे, त्यामुळे वजनदार माणूस पुढे जाई. जन्मात कुठल्याच शर्यतीत न जिंकलेल्या जाड्या माणसांना इथे पहिला नंबर मिळे, यातच पार्कचे अर्धे यश असावे. उरलेले अर्धे यश दुसऱ्या गोष्टीत होते: एका घोड्यावर दोघे बसत. पुढे ती, मागे तो, आणि पडू नये म्हणून त्याने तिच्या कमरेला हात धरणे हे सुरक्षेच्या दृष्टीने अत्यावश्यक! त्या काळात न्यूयॉर्कच्या चाळींत एकेका खोलीत आठ-आठ माणसे राहत. शिवणकाम करणारी, पेट्या भरणारी, कारखान्यात उभी राहणारी तरुण मुले-मुली. त्यांना एकमेकांचा हात धरायला दुसरी जागा होती कुठे? मोठ्या माणसांच्या देखत, पाव डॉलरात, कायदेशीर रीतीने कंबर धरता येणारी ती बहुधा पहिलीच सोय असेल.

पण टिल्यूची खरी अक्कल घोड्यावरून उतरल्यावर दिसे. बाहेर पडायचा रस्ता एकच, आणि तो नेमका एका रंगमंचावरून जाई. तुम्ही अंधाऱ्या वाटेने बाहेर येता तो लख्ख उजेड. जमिनीतल्या भोकांतून वाऱ्याचा झोत येऊन तुमची टोपी उडते, बाईमाणूस असेल तर झगा वर जातो. (घोटा दिसला तरी बातमी व्हावी असा तो जमाना!) ती झगा धरते आहे तोवर एक विदूषक येऊन तिच्याबरोबरच्या गृहस्थाला विजेच्या काठीचा चटका देतो. गृहस्थ उडी मारतो. आणि समोर बाकांवर बसलेली शे-दोनशे माणसे पोट धरधरून हसतात. ही माणसे कोण? मघाशी याच वाटेने आलेली, अशीच उडालेली. तुमची फजिती संपली की तुम्हीही बाकावर जाऊन बसायचे आणि मागून येणाऱ्याची वाट पाहायची. मनुष्यस्वभावाचा असा नकाशा मला दुसरीकडे आढळलेला नाही. सासूने सुनेला छळावे आणि सुनेने सासू होण्याची वाट पाहावी, त्याच तत्त्वावर. फक्त इथे वाट पाच मिनिटांची.

आज कुणी हा वाऱ्याचा खेळ मांडला तर दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीत जाईल, आणि जावेच. विदूषकाबरोबर तिथे एक ठेंगू माणूसही असे. पाहुण्यांची फजिती दोन मिनिटांत संपे आणि ते बाकावर जात. त्याला बाक नव्हता. तिकीट काढून हसू होणे निराळे आणि पगारावर रोज हसू होणे निराळे. ही गोष्ट त्या काळच्या हसणाऱ्यांपैकी किती जणांच्या ध्यानात आली असेल?

धंदा चालला की शेजारी दुकान निघतेच. १९०२ मध्ये टिल्यूने थॉम्पसन आणि डंडी या जोडीचा 'चंद्राची सफर' नावाचा खेळ आपल्या पार्कात आणला. पुढच्याच वर्षी या दोघांनी शेजारी स्वतःचे 'लूना पार्क' काढले, अडीच लाख दिव्यांचे. १९०४ मध्ये 'ड्रीमलँड' निघाले, त्यांचे म्हणणे दहा लाख दिवे. ड्रीमलँडमध्ये ३०० ठेंगू माणसांचे एक छोटे गावच वसवले होते आणि त्या गावाला स्वतःचा बंब होता. गंमत म्हणून तो खोट्या आगी विझवायला धावे. १९११ च्या मे महिन्यात खरी आग लागली. लागली कुठून, तर 'नरकद्वार' नावाच्या खेळातून. सगळे ड्रीमलँड जळून गेले आणि पुन्हा उभे राहिले नाही.

स्टीपलचेस त्याआधीच, १९०७ च्या जुलैत, जळाले होते. आपल्याकडे अशा प्रसंगी पंचनामा होतो, नातेवाईक येतात, 'तरी मी सांगत होतो' असे म्हणून चहा पितात. टिल्यूने दुसऱ्या दिवशी पाटी लावली. मजकूर साधारण असा, की काल नव्हत्या अशा काही कटकटी आज माझ्यामागे आहेत, पण काल होत्या त्यांतल्या काही आज उरलेल्या नाहीत. याच जागी याहून मोठे पार्क बांधणार आहे. आणि शेवटची ओळ: जळते अवशेष पाहण्याचे तिकीट, १० सेंट. या माणसाला मी मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला आहे. स्वतःच्या घराची राख तिकीट लावून दाखवणे म्हणजे फजितीचा धंदा आपल्यापासून सुरू करणे. इतरांना उडवायचा अधिकार त्याला तिथे मिळाला, असे माझे मत.

बोलल्याप्रमाणे त्याने बांधलेही. पोलाद आणि काचेचा, सुमारे पाच एकरांचा प्रचंड मंडप. बाहेर पाऊस पडो की वादळ होवो, आत फजिती चालू. गुळगुळीत तबकडीवर माणसे बसवून ती गरगर फिरवायची, की माणसे चहूकडे फेकली जात. फिरत्या पिंपातून चालायला लावायचे, की अनोळखी माणसे एकमेकांच्या गळ्यात. पार्कची खूण म्हणजे एक भला मोठा हसरा चेहरा, कान ते कान तोंड फाटलेले आणि दात मोजता येणार नाहीत इतके. टिल्यू १९१४ मध्ये वारला. पुढे मुलांनी पार्क चालवले. १९२० मध्ये भुयारी रेल्वे थेट समुद्रापर्यंत आली. पाच सेंटचे तिकीट. मग काय विचारता! उन्हाळ्यातल्या रविवारी दहा-दहा लाख माणसे कोनी आयलंडला लोटत. आषाढीची पंढरी, फक्त अभंग नाहीत आणि अंगावर कपडे कमी.

उतरती कळा लागली ती हळूहळू. लोकांकडे मोटारी आल्या आणि ते लांबच्या स्वच्छ किनाऱ्यांवर जाऊ लागले. घरात टेलिव्हिजन आला, खिडकीत गार हवेचे यंत्र आले. १९४४ च्या आगीनंतर लूना पार्क गेले. १९५५ मध्ये तिकडे कॅलिफोर्नियात डिस्नेसाहेबांनी आपले राज्य उघडले. तिथे सगळे झाडूनपुसून लख्ख. मुख्य म्हणजे तिथे तुम्हाला कुणी हसत नाही. उंदीरसुद्धा अदबीने हात मिळवतो. ज्यांच्या आईबापांनी आनंदाने टोप्या उडवून घेतल्या, ती मुले आता पगारदार, मोटारवाली, इस्त्रीची झाली होती. चारचौघांत पिंपातून गडगडणे त्यांना परवडत होते, पण शोभत नव्हते.

२० सप्टेंबर १९६४ रोजी स्टीपलचेस शेवटचे चालले. दिवे विझवताना घंटेचे ६७ टोले दिले, वर्षाला एक. दुसऱ्या वर्षी जागा विकत घेतली फ्रेड ट्रम्प या बांधकामवाल्याने. (होय, त्यांचेच वडील.) त्यांना समुद्राकाठी उंच इमारती बांधायच्या होत्या. काचेचा मंडप जपावा अशी बोलणी व्हायच्या आत तो पाडणे बरे. म्हणून १९६६ च्या सप्टेंबरात त्यांनी चक्क मेजवानी दिली. पाडापाडीची मेजवानी! पाहुण्यांना बोलावणी, पोहण्याच्या पोशाखातल्या सुंदर मुली, आणि हातात विटा. या, आणि काचा फोडा. काचेवरच्या त्या हसऱ्या चेहऱ्यावरच नेम धरला गेला.

मला या प्रकरणात राग येतो तो इथे. वास्तू पाडतात, त्याला इलाज नसतो. आमचा वाडाही पाडला. पण आम्ही त्या दिवशी घरात चूल पेटवली नाही. टिल्यूने स्वतःच्या राखेचे तिकीट लावले होते, दुसऱ्याच्या नव्हे.

गंमत पुढेच आहे. इमारतींसाठी जमिनीचा वापर बदलून हवा होता, ती परवानगी ट्रम्पना मिळालीच नाही. शेवटी जागा शहराने घेतली. वर्षानुवर्षे तिथे काही नव्हते. २००१ मध्ये बेसबॉलचे मैदान झाले. जुन्या पार्कातला फक्त पॅराशूटचा मनोरा राहिला, सुमारे २५० फुटांचा. तो मुळात १९३९ च्या प्रदर्शनातला, टिल्यूंच्या मुलांनी १९४१ मध्ये इथे आणलेला. जोडप्याला बाकावर बसवून वर न्यायचे आणि छत्रीसकट खाली सोडायचे. कधीकधी दोर गुंतून जोडपी वरच लटकत राहत. १९८९ मध्ये शहराने त्याला जपण्याच्या वास्तूंच्या यादीत घातले. आता तो काही करत नाही, रात्री नुसता दिव्यांनी उजळतो.

माझा भाचा तिकडे असतो. त्याने आम्हा दोघांना लोकलने तिथे नेले. लाकडी फळ्यांच्या रस्त्यावरून चालत आम्ही मनोऱ्याखाली उभे राहिलो. हिने बराच वेळ वर पाहिले. "यात बसून माणसं भांडली तर काय करत असतील हो?" असे तिने विचारले. मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात समुद्राकडून वारा आला आणि माझी कानटोपी उडून फळ्यांवरून गडगडत निघाली. बाकावर बसलेले एक म्हातारे जोडपे मनापासून हसले. त्यांच्याहून मोठ्याने ही हसत होती. टोपी भाच्याने आणून दिली.