शेवटचा शब्द कोणाचा?

एकच वस्तु सुधारावयास अनेक माणसें पुढें सरसावलीं, आणि तीं एकमेकांस ओळखतही नसलीं, म्हणजे सुधारणेपेक्षां तंटाच अधिक होण्याचा संभव असतो. ग्रंथांच्या बाबतींत हा अनुभव जुना आहे. एका लेखकानें नक्कल करतांना पदरचा शब्द घातला, दुसऱ्यानें तो काढून आपला घातला, आणि मूळ पाठ कोणता हें ठरविण्यांत पुढच्या विद्वानांचीं आयुष्यें खर्चीं पडलीं. संगणकावरील खेळांच्या जगांत हाच प्रश्न गेल्या तीसएक वर्षांत नव्यानें उभा राहिला, आणि तेथें तो सभेंत किंवा न्यायालयांत न जातां एका साध्या यादीपाशीं येऊन ठेपला. या यादीस ती मंडळी 'लोड ऑर्डर' म्हणतात. आपण तिला भरण्याचा क्रम म्हणूं. हा क्रम व तो सांभाळणारीं साधनें यांचा इतिहास वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु परक्याच्या कामास धक्का न लावतां त्याच्या शेजारीं आपलें काम कसें मांडावें, हें अनोळखी माणसें कशीं शिकत गेलीं, याची ती हकीकत आहे. आणि म्हणून खेळांशीं ज्यांचा संबंध नाहीं अशा वाचकांसही ती सांगण्याजोगी आहे.

खेळणाऱ्यानें विकतच्या खेळांत स्वतः केलेला जो फेरबदल, त्यास 'मॉड' असें नांव आहे. आरंभीं असा फेरबदल करणें म्हणजे मूळ फायलींवरच नवें लिहिणें, अर्थात् जुनें पुसणें होतें. 1992 सालच्या 'वुल्फेन्स्टाइन थ्री-डी' या खेळांत हौशी लोकांनीं असे फेरबदल केलेले त्याच्या कर्त्यांच्या दृष्टीस पडले. त्यांपैकीं जॉन कारमॅक यानें त्याचा विषाद मानला नाहीं. उलट पुढील खेळाची रचनाच अशा हौशी लोकांस सोईची केली. 10 डिसेंबर 1993 रोजीं प्रसिद्ध झालेल्या 'डूम' या खेळांत खेळ चालविणारा भाग निराळा, आणि नकाशे, चित्रें व आवाज यांचें भांडार निराळें, अशी वांटणी होती. भांडाराच्या फाइलीस 'वॅड' म्हणत. हौशी माणसानें आपली वॅड फाइल स्वतंत्र तयार करावी व खेळ सुरू करतांना तिचें नांव सांगावें, म्हणजे मूळ भांडार अबाधित राहून त्यावर नव्याचा थर चढे. एकाच नांवाचा नकाशा दोन फायलींत आढळला, तर जी फाइल मागाहून भरली गेली तिचा नकाशा खरा धरला जाई. पुढील सारा इतिहास हा या एका नियमाचा विस्तार होय.

व्याकरणाच्या अभ्यासकांस हा नियम ऐकून नवल वाटणार नाहीं. समान बळाच्या दोन सूत्रांचा एकाच ठिकाणीं विरोध आला तर अष्टाध्यायीच्या क्रमांत जें मागाहून येतें तें लागावें, असा पाणिनीच्या एका सूत्राचा परंपरेनें चालत आलेला अर्थ आहे. मात्र दोहोंत एक मोठा भेद आहे. पाणिनीनें आपल्या सूत्रांची जागा स्वतः ठरविली होती. मॉडांच्या जगांत कर्ते शेंकडों असतात, आणि पाणिनि मात्र एकही नसतो. आपलें काम कोणाच्या आधीं बसेल व कोणाच्या नंतर, हें लिहिणाऱ्यास ठाऊक नसतें. तो भार शेवटीं खेळणाऱ्याच्याच शिरावर येऊन पडतो.

हा भार किती जड आहे हें 2002 सालीं दिसून आलें. त्या वर्षीं अमेरिकेंतील मेरीलँड संस्थानांतल्या बेथेस्डा कंपनीनें 'मॉरोविंड' हा खेळ काढला. एक आखें कल्पित बेट, त्यांतील शहरें, दुकानदार, शस्त्रें, पुस्तकें असा त्याचा अफाट पसारा होता. आणि हा पसारा रचण्याचें साधनही कंपनीनें खेळाबरोबरच गिऱ्हाइकांच्या हातीं दिलें. मग काय विचारतां! एकानें नवीं घरें बांधलीं, दुसऱ्यानें बाजारभाव बदलले, तिसऱ्यानें तलवारींस नवी धार लावली. प्रत्येकाचा फेरबदल 'प्लगइन' नांवाच्या स्वतंत्र फाइलींत राही. या फायली कोणत्या क्रमानें वाचावयाच्या? त्यासाठीं खेळानें फाइलीवरील तारीख प्रमाण मानली. जी सर्वांत अलीकडची, ती शेवटीं वाचली जाई व तिचा शब्द अखेरचा ठरे. म्हणजे निकाल गुणांवरून नव्हे, गरजेवरून नव्हे, तर पंचांगावरून! क्रम बदलावयाचा तर फाइलीची तारीखच बदलावी लागे, आणि हौशी मंडळींनीं त्यासाठीं लहान लहान साधनेंही तयार केलीं.

यांतील खरा धोका एका उदाहरणानें ध्यानांत येईल. समजा, एका प्लगइननें एका तलवारीची किंमत वाढविली आणि दुसऱ्यानें तिचा मारा वाढविला. आपणांस वाटेल कीं दोन्ही फेरबदल गुण्यागोविंदानें नांदतील. तसें होत नाहीं. खेळ त्या तलवारीची सबंध नोंद शेवटच्या प्लगइनमधून उचलतो. त्या नोंदींत किंमतीचा आंकडा जुनाच असल्यामुळें पहिल्याची मेहनत वायां जाते. सूचना मिळत नाहीं, खेळ बंद पडत नाहीं, कोणाची तक्रारही येत नाहीं. मोडलेलें डोळ्यांस दिसतें. पुसलें गेलेलें दिसत नाहीं.

2006 सालच्या 'ओब्लिव्हियन' या खेळाच्या काळांत या धोक्यावर तीन उपाय पुढें आले, आणि तिन्ही विनावेतन काम करणाऱ्या हौशी लोकांनीं काढलेले होते. पहिला उपाय पाहण्याचा. 'टेस-फोर-एडिट' या साधनांत एकाच नोंदीविषयीं निरनिराळ्या प्लगइनांचें म्हणणें शेजारीं शेजारीं रकान्यांत मांडलेलें दिसे, व विरोध असेल तेथें रंग बदले. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत पानाच्या तळाशीं पाठभेद दिलेले असतात, त्याच जातीचें हें काम. दुसरा उपाय जुळविण्याचा. 'राय बॅश' हें साधन सर्व प्लगइन चाळून दुकानांतील व पेटाऱ्यांतील मालाच्या याद्या एकत्र करी व त्यांचा एक नवा प्लगइन बनवी. त्यांत दोघांचाही माल येई. तिसरा उपाय क्रम लावून देण्याचा. 'बॉस' नांवाच्या साधनामागें अनुभवी लोकांनीं राखलेली एक सामाईक यादी होती, व तींत प्रत्येक मॉडाची जागा नेमलेली असे. पुढें त्याची जागा 'लूट' या साधनानें घेतली. हें नांव ऐकून मराठी वाचक दचकेल, व इंग्रजी भाषेनें हा शब्द आमच्याच देशांतून उचलला हें आठवून हंसेलही. परंतु येथें ती केवळ आद्याक्षरांची जुळणी आहे. 'लूट' कोणास ठराविक आसन देत नाहीं. कोणी कोणाच्या मागून यावें एवढे संबंध पाहून तें सबंध रांग लावतें.

11 नोव्हेंबर 2011 रोजीं 'स्कायरिम' हा खेळ आला, व पुढील फेब्रुवारींत त्याचें रचनासाधन लोकांस मिळालें. त्यानंतर मॉडांचा पूर लोटला. एकेका संगणकावर शंभर-दोनशें मॉड चढूं लागले, आणि त्या सर्वांच्या फायली खेळाच्या एकाच कोठारांत कोंबल्या जाऊं लागल्या. एकाचें चित्र दुसऱ्याच्या चित्रावर पडलें कीं पहिलें गेलेंच. मॉड काढून टाकावयाचा तर कोणती फाइल कोणाची हें शोधतां शोधतां नाकीं नऊ येत. या स्थितींत 'टॅनिन' हें टोपणनांव घेतलेल्या एका कर्त्यानें 'मॉड ऑर्गनायझर' हें साधन तयार केलें. त्याची युक्ति अशी कीं, खेळाच्या कोठारास हातच लावावयाचा नाहीं. प्रत्येक मॉड आपापल्या निराळ्या फोल्डरांत राहतो. खेळानें एखादी फाइल मागितली कीं हें साधन मध्यें उभें राहून योग्य त्या फोल्डरांतील फाइल त्याच्या हातीं देतें. खेळास वाटतें कीं सर्व आपल्याच घरांत आहे. वस्तुतः घरांत नवें कांहींच आलेलें नसतें.

या साधनांत दोन याद्या असतात. डावीकडील यादींत फोल्डरांचा क्रम असतो. चित्रें, आकृति, आवाज यांत कोणाची फाइल वर राहावी हें तींत ठरतें. उजवीकडील यादींत प्लगइनांचा क्रम असतो; नोंदींच्या बाबतींत कोणाचा शब्द चालावा हें तींत ठरतें. नवशिक्यांचा गोंधळ पुष्कळदां या दोहोंची गल्लत केल्यामुळें होतो. क्रमाप्रमाणें संख्येसही मर्यादा होती. प्रत्येक नोंदीच्या क्रमांकांत प्लगइनसाठीं दोनच स्थानें राखलेलीं असल्यामुळें 255 पेक्षां अधिक प्लगइन एका वेळीं भरतां येत नसत. 2016 सालीं निघालेल्या स्कायरिमच्या विशेष आवृत्तींत पुढील वर्षीं 'हलके' प्लगइन सुरू झाले. एकाच स्थानांत असे 4096 पर्यंत मावूं लागले, व दाटी बरीच कमी झाली.

या सर्वांहून महत्त्वाची सोय म्हणजे 'प्रोफाइल'. कोणते मॉड चालू, कोणते बंद, कोणाच्या मागें कोण, या सर्वांची एक स्वतंत्र नोंदवही, तीच प्रोफाइल. मॉडांचे फोल्डर एकदांच ठेवलेले. वह्या मात्र हव्या तितक्या. घरांत संगणक एक आणि भावंडें दोन असलीं, तर थोरल्यानें आपल्या वहींत कडक हिंवाळा व दुर्मिळ अन्न असलेला खडतर खेळ मांडावा, धाकटीनें आपल्या वहींत फुलबागा व नवीं घरें मांडावींत. एकाच्या निवडीनें दुसरीचें कांहीं बिघडत नाहीं. प्रत्येक प्रोफाइलीस खेळाच्या जतन केलेल्या स्थिति निराळ्या ठेवण्याचीही सोय आहे, व ती चैनीची नव्हे. स्कायरिममध्यें जतन केलेल्या खेळांत मॉडांच्या आज्ञांचे अवशेष शिरून बसतात. खेळ अर्ध्यावर असतां एखादा मॉड काढून टाकला तरी ते मागें राहतात व पुढें उपद्रव देतात. म्हणून ज्या क्रमानें खेळ आरंभिला त्याच क्रमाच्या वहींत तो ठेवणें हेंच शहाणपणाचें.

परस्परांवर टेकून उभ्या असलेल्या या कामाचें स्वरूप 2015 सालीं चव्हाट्यावर आलें. त्या वर्षीं 23 एप्रिल रोजीं स्कायरिमचे मॉड पैसे घेऊन विकण्याची योजना व्हॉल्व्ह व बेथेस्डा या कंपन्यांनीं जाहीर केली. किंमतीचा चौथा हिस्सा कर्त्यास मिळावयाचा होता. लौकरच एक विकाऊ मॉड मागें घ्यावा लागला, कारण तो दुसऱ्या एका कर्त्याच्या फुकट दिलेल्या कामावर विसंबून होता. गदारोळ उठला व 27 एप्रिल रोजीं योजना रद्द झाली. मॉडकर्त्यांस मोबदला मिळूं नये असें कोण म्हणेल? परंतु ज्या इमारतीच्या प्रत्येक मजल्याचा मालक निराळा, तिचा एकच मजला विकतां येत नाहीं, हें त्या पांच दिवसांत सर्वांस कळून चुकलें.

आतां कोणी म्हणेल कीं, 'लूट'सारखें साधन क्षणांत क्रम लावून देतें, मग खेळणाऱ्यानें डोकें कशास शिणवावें? या समजुतींत एक मोठी चूक आहे. क्रम हा फक्त कोण जिंकला एवढेंच सांगतो. दोघांचेंही म्हणणें खरें असेल तेथें त्यास तोड काढतां येत नाहीं. वर सांगितलेल्या तलवारीचें उदाहरण घ्या. क्रम कसाही लावा, किंमत किंवा मारा यांपैकीं एक गमावणारच. दोन्ही राखावयाचीं असतील तर कोणी तरी दोन्ही नोंदी शेजारीं शेजारीं ठेवून वाचाव्या लागतात, आणि दोहोंचा मेळ घालणारा तिसरा लहानसा प्लगइन लिहून तो त्यांच्याहि मागें बसवावा लागतो. यास 'पॅच' म्हणतात. पॅच लिहिणाऱ्यास नवें जग रचण्याची कीर्ति मिळत नाहीं. त्याच्या कामांत त्याचें असें बहुधा कांहींच नसतें. तरीही शेवटचा शब्द त्याचाच असतो, व त्या शब्दांत आधींच्या दोघांचे शब्द शाबूत असतात.

या छोट्या इतिहासाचें सार एवढेंच. प्रथम शेवटचा शब्द तारखेचा होता, म्हणजे योगायोगाचा. मग तो अनुभवी लोकांच्या यादीचा झाला. आणि जेथें काळजी घेतली जाते तेथें तो मेळ घालणाऱ्याचा होतो. जेथें मेळ बसतच नाहीं, तेथें दोन प्रोफाइली कराव्या व दोन्ही मतें नांदूं द्यावीं. मूळ कृतीस हात न लावणें, कोणाचें काय पुसलें गेलें तें पाहण्याची सोय ठेवणें, आणि एकाच्या आवडीखातर दुसऱ्याची वही न फाडणें, या तीन गोष्टी मॉड करणाऱ्या या मंडळींनीं नियमपुस्तकावांचून व वेतनावांचून वीस वर्षांत साधल्या. घरांतील मुलगा पडद्यावर याद्या वरखालीं सरकवीत बसलेला दिसला, तर तो केवळ वेळ दवडीत आहे असें समजण्यापूर्वीं, कोणता मॉड मागें व कां, हें त्यास एकदां विचारून पाहावें. त्याचें उत्तर नीट देतां येणें हेंही एक शिक्षणच आहे.