कांदिवलीचा ट्रॅक्टर आणि चिखलाचं चाक

मागच्या आठवड्यात कोकणातून चुलतभावाचा फोन आला. "ताई, तू कांदिवलीची ना? मग ट्रॅक्टरला टायर कुठले घालू ते सांग."

मला हसूच आलं. कांदिवलीत वाढलेल्या माणसाला ट्रॅक्टरमधलं कळतं, असा आमच्या गावात जुना समज आहे. पण त्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याने कर्ज काढून २० हॉर्सपॉवरचा जुना छोटा ट्रॅक्टर घेतलाय. टायर पार गुळगुळीत झालेत. दुकानदार म्हणतो, रुंद आणि कमी खोल नक्षीचे घ्या, डांबरावर टिकतील. भावाला जांभा वाहून हप्ते फेडायचेत हे खरं, पण ट्रॅक्टर घेतला तो भातासाठी. टायर चुकले तर पैसे गेलेच, वर एक पावसाळाही गेला.

मग मी वाचायला बसले, आणि नेहमीप्रमाणे भलतीकडेच पोचले. म्हणजे इतिहासात.

ट्रॅक्टरला रबरी टायर हे तसं अलीकडचं प्रकरण. आधी लोखंडी चाकं असत, त्यांना बाहेरून लोखंडी दाते. मातीत पकड उत्तम, पण रस्त्यावर आला की रस्ता उखडायचा आणि चालवणाऱ्याची हाडंही खिळखिळी व्हायची. १९३२ साली अमेरिकेत अ‍ॅलिस-चामर्स कंपनीने फायरस्टोनचे हवेचे टायर लावून ट्रॅक्टर विकायला काढला. शेतकऱ्यांचा विश्वास बसेना. रबर मातीत घसरणार, काटा लागला की संपलं! म्हणून कंपनीने चक्क ट्रॅक्टरच्या शर्यती लावल्या. १९३३ मध्ये बार्नी ओल्डफील्ड या मोटार शर्यतपटूने असा ट्रॅक्टर ताशी ६४ मैलांनी पळवून दाखवला. हळूहळू लोकांना पटलं की रबरावर इंधनही कमी लागतं. १९४० पर्यंत तिथले बहुतेक नवे ट्रॅक्टर रबरावर आले. पुढे महायुद्धात जपानने मलाया घेतलं, रबराचा तुटवडा झाला आणि काही काळ लोखंडी चाकं परत आली.

आता आपल्या उपनगरात येऊ. १९५८ साली सिएट भारतात आली आणि तिचा टायर कारखाना भांडुपला उभा राहिला. मूळची कंपनी इटलीतल्या तुरीनची, आणि नावाचा अर्थ विजेच्या केबलींशी संबंधित! १९६३ मध्ये महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ट्रॅक्टर कंपनी काढली. तिचा कारखाना कांदिवलीला. पहिला ट्रॅक्टर बी-२७५, सुमारे ३५ हॉर्सपॉवरचा, मूळ ब्रिटनमधल्या शेतांसाठी बनलेला. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रमध्येच विलीन झाली.

म्हणजे वेस्टर्न लाइनवर ट्रॅक्टर आणि सेंट्रल लाइनवर टायर. मी वाढले कांदिवलीत आणि लग्नानंतर आले मुलुंडला, त्यामुळे दोन्हीकडची शेजारीण. गंमत म्हणजे ही सगळी साष्टी एके काळी भातखाचरांचीच. पण बी-२७५ सारखा ट्रॅक्टर शोभायचा मोठ्या, सलग रानात. दोन बांधांमधल्या चिंचोळ्या खाचरात तो वळायचा कुठे? छोट्या ट्रॅक्टरची सोय आपल्याकडे फार उशिरा झाली. तोवर कांदिवली-भांडुपची खाचरं इमारतींखाली गेली होती.

आता भावाच्या प्रश्नाकडे. टायरच्या पट्ट्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या असतात. व्हीचं टोक आधी जमिनीला टेकतं आणि माती मधून कडेला ढकलली जाते, म्हणून टायर आपोआप साफ होतो. टायर उलटा बसवला तर चिखल आतच साठतो. पट्ट्या उंच आणि लांब लांब असतील तर चिखलात पकड, पण डांबरावर लवकर झीज. बुटक्या आणि जवळजवळ असतील तर रस्त्यावर टिकतात, पण चिखलात भरून जातात आणि चाक जागच्या जागी फिरतं. टायरमध्ये पाणी भरून वजन वाढवतात, ते कोरड्या नांगरटीला ठीक, चिखलात तेच वजन आणखी रुतवतं. शिवाय त्याचा ट्रॅक्टर फोर व्हील ड्राइव्ह. पुढच्या-मागच्या टायरांचं माप ठरलेल्या प्रमाणात असतं, एकाच जोडीचं माप बदललं तर गिअरवर ताण येतो. ८.३-२० लिहिलं असेल तर ८.३ इंच रुंदी आणि २० इंची रिम. तेच माप घ्यायचं, "थोडा मोठा बसतो" हे ऐकायचं नाही.

आणि चिखलणीला काय करतात, तर मागच्या चाकांना लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावतात! रबराने हुसकावलेलं लोखंड खाचरात परत आलंच. मला यातच उत्तर दिसलं. कुठलंच चाक जुनं किंवा नवं म्हणून चांगलं नसतं, ते कुठल्या जमिनीसाठी आहे हे महत्त्वाचं.

मी भावाला एवढंच म्हटलं, "वर्षात रस्त्यावर किती तास आणि चिखलात किती, ते आधी कागदावर मांड."

संध्याकाळी त्याचा फोन आला. "ताई, तास रस्त्याचेच जास्त निघतात गं. पण भात वर्षातून एकदाच लावायचा असतो, जांभा काय, कधीही वाहता येतो." त्याने खोल नक्षीचे टायर घेतले, त्याच मापाचे, आणि पिंजऱ्याची जुनी जोडी शेजाऱ्याशी निम्म्यात ठरवली. डांबरावर टायर लवकर झिजतील, हप्ते थोडे ओढावे लागतील, हे त्यालाही ठाऊक आहे.

आमच्या कांदिवलीला एकदा असाच हिशोब करायला मिळाला असता तर? असो. यंदा लावणीला बोलावलंय. चिखलात माझे पाय टिकतात का, तेही बघू.