कृपा, क्षमा आणि दुःख : ख्रिस्ती विचारातील क्रम

ख्रिस्ती धर्मविचारात कृपा म्हणजे अपात्र मनुष्याला ईश्वराने स्वेच्छेने, कोणत्याही पुण्याचा मोबदला म्हणून नव्हे, दिलेले दान. या व्याख्येचे घटक तीन : घेणारा अपात्र असतो, देणारा स्वतंत्र असतो आणि दोहोंत विनिमय नसतो. पहिला घटक वगळला तर उरते ते वेतन; दुसरा वगळला तर कर्जफेड; तिसरा वगळला तर व्यापार. क्षमा हे कृपेचे पापासंबंधीचे कार्य होय. ते कार्य ईश्वर पूर्णत्वास नेईल, या अद्याप न दिसलेल्या गोष्टीविषयीचा निश्चय म्हणजे आशा. या संज्ञांविषयी मंडळ्यांत फारसा वाद नाही. वाद आणि विकृती, दोन्ही त्यांच्या क्रमातून उद्भवतात. म्हणून येथे विचार क्रमाचा आहे.

शास्त्रानुसार क्रम असा : प्रथम कृपा, नंतर तिचा विश्वासाने स्वीकार, आणि त्यातून आचरणाचे परिवर्तन. लोकव्यवहारात तो उलटा होतो : आधी सुधारणा, मग पात्रता, मग क्षमा. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताने या उलट्या क्रमाचे खंडन केले आहे. परतणारा पुत्र मनाशी तीन गोष्टी ठरवून निघतो : पापाची कबुली, पुत्र म्हणवून घेण्यास आपण अपात्र असल्याची कबुली, आणि मोलकऱ्याप्रमाणे ठेवावे ही विनंती. पित्यासमोर पहिल्या दोन उच्चारल्या जातात. तिसरी उच्चारली जाण्यापूर्वीच पिता चाकरांना उत्तम वस्त्र आणण्याची आज्ञा देतो. अपात्रतेची कबुली ऐकली जाते, वेतनाचा प्रस्ताव मात्र मांडताच येत नाही. शिवाय पिता धावतो तो कबुलीपूर्वीच, पुत्र दूर असताना.

या क्रमाची संस्थात्मक कसोटी नागपुरात लागली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी येथील ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात सहा मंडळ्यांच्या ऐक्यातून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. ऐक्याच्या वाटाघाटी १९२९ पासून चालू होत्या. त्यांतील एक बिकट प्रश्न बाप्तिस्म्याचा होता. अँग्लिकन आणि मेथॉडिस्ट परंपरा अर्भकांना बाप्तिस्मा देत. बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट या परंपरा विश्वासाची स्वतः कबुली देणाऱ्यासच तो देत. वरवर हा विधीविषयक मतभेद दिसतो. वस्तुतः तो कृपेच्या क्रमाविषयी आहे. बालबाप्तिस्मा कृपेचे अग्रत्व रक्षितो, कारण अर्भकाने काहीही कमावलेले नसते. प्रौढबाप्तिस्मा स्वीकाराचे स्वातंत्र्य रक्षितो, कारण लादलेले दान हे दान नव्हे. नव्या मंडळीने दोन्ही प्रथांना मान्यता दिली; बाल्यावस्थेत बाप्तिस्मा झालेल्यानेही पुढे स्वतः विश्वासाची कबुली द्यावी, असे ठरले. या निर्णयाला केवळ तडजोड म्हणणे अन्यायाचे आहे. दोन्ही प्रथांत स्वीकार हे कृपेला दिलेले उत्तर आहे आणि उत्तर नंतरच येते. ही समान भूमी त्यात ओळखली गेली.

पंडिता रमाबाईंचा अनुभव येथे प्रमाण म्हणून घेता येतो. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी पूर्ण विचारान्ती, प्रौढ वयात बाप्तिस्मा घेतला. तथापि आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, ख्रिस्तापर्यंत मात्र अद्याप पोहोचलो नव्हतो, हे त्यांना काही वर्षांनी उमगले आणि आपल्या साक्षीत त्यांनी ते स्पष्टपणे नमूद केले. तात्पर्य, विधी आणि स्वीकार यांतील अंतर वयाने मिटत नाही. संस्कृत विदुषीच्या बाबतीतही ते काही वर्षांचे असू शकते.

कृपा विनिमयरहित असल्याने दोन निष्कर्ष निघतात. पहिला प्रचारासंबंधी आहे. नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी असताना १९५४ मध्ये नेमलेल्या नियोगी समितीने आपल्या अहवालात प्रलोभनाने धर्मान्तर घडविल्याचा आरोप मिशनऱ्यांवर ठेवला. त्या आरोपाच्या व्याप्तीविषयी वाद झाला आणि होत राहील. पण प्रलोभन जेथे असेल तेथे ते कायद्याआधी कृपेच्या सिद्धान्ताचाच भंग करते, हे ख्रिस्ती विचाराने स्वतःहून म्हटले पाहिजे.

दुसरा निष्कर्ष क्षमेविषयी आहे, आणि त्याचे विवेचन अधिक सूक्ष्मपणे करणे अवश्य आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात राजा एका चाकराचे दहा हजार तालांतांचे ऋण सोडतो आणि तोच चाकर शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. एक तालांत सुमारे सहा हजार दीनारांचा. म्हणजे पहिले ऋण दुसऱ्याच्या सहा लाख पट. मनुष्याने करावयाची क्षमा ही मिळालेल्या क्षमेतून देण्याची गोष्ट आहे, हा दृष्टान्ताचा आशय. परंतु या आशयातून जे निघत नाही, तेही सांगितले पाहिजे. क्षमा म्हणजे विस्मरण नव्हे. क्षमा म्हणजे दंडमुक्ती नव्हे. न्यायालयाचे कार्य तिने संपत नाही. आणि क्षमा म्हणजे सलोखा नव्हे. क्षमा एकट्याने करता येते. सलोख्याला दोघे लागतात आणि त्यांपैकी अपराध्याचा पश्चात्ताप कृतीतून दिसावा लागतो. नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला क्षमेचा उपदेश करून त्याच घरी परत पाठविणारा पाळक क्षमा आणि सलोखा यांची गल्लत करतो, आणि त्या गल्लतीची किंमत स्वतः न भरता तिला भरावयास लावतो. क्षमेची मागणी करण्याचा अधिकार त्रयस्थाला नाही. तो स्वतः त्या दृष्टान्तातील ऋणको आहे, राजा नव्हे.

येथे एक पूर्वपक्ष उभा राहतो, आणि नागपुरात तो विशेष बलवान आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्या धम्मात कृपा करणाऱ्या ईश्वराला स्थान नाही. मनुष्य स्वतःच स्वतःचा आधार आहे. शतकानुशतके दुसऱ्याच्या मर्जीवर जगावयास लावलेल्या समाजाला पुन्हा दानाची भाषा शिकविणे म्हणजे त्याचे बळ हिरावणे, असा हा आक्षेप. उत्तर असे, की कृपा कमाईचा निषेध करते, प्रयत्नाचा नव्हे; आणि सर्वांना सारखेच अपात्र ठरवून ती जन्माधिष्ठित पात्रतेचा पायाच काढून घेते. परंतु हे उत्तर तत्त्वतः खरे असूनही ते देण्याचा अधिकार मंडळ्यांना आचरणाने मिळवावा लागेल. प्रभुभोजनाला एकत्र बसून विवाहसंबंधात जात पाहणाऱ्या ख्रिस्ती समाजापुढे तो आक्षेप अद्याप अबाधित आहे.

आता दुःख. त्याचे तीन प्रकार : स्वतःच्या दुष्कृत्यातून येणारे, दुसऱ्याच्या अन्यायातून येणारे, आणि ज्याचा कर्ता दाखविता येत नाही असे. पहिल्याला पश्चात्ताप हे उत्तर आहे, दुसऱ्याला न्याय. तिसऱ्याचे काय? स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास आले. शिक्षण, भूगर्भशास्त्र आणि गोंडांच्या परंपरांचा संग्रह यांत त्यांनी अठरा वर्षे वेचली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटाजवळ पुराने फुगलेला प्रवाह ओलांडताना ते बुडाले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ मध्ये निघाले. पुढे महाविद्यालय व्हावयाचे होते म्हणून तो मृत्यू योग्य ठरला, असे म्हणणे ही आशा नव्हे. ते दुःखाचे हिशेबात केलेले रूपांतर होय, आणि विनिमय पुन्हा मागच्या दाराने आत येतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल क्लेश, धीर, शील आणि आशा अशी साखळी मांडतो. पण तिचा आधार क्लेशाच्या गुणात नाही, आधी ओतल्या गेलेल्या प्रीतीत आहे. क्लेश आशा कमावून देत नाहीत. वधस्तंभाचा अर्थही ईश्वराने दुःखाचे समर्थन केले असा नसून ते स्वतः सोसले असा आहे. पुनरुत्थानानंतरही जखमांच्या खुणा राहतात.

म्हणून तिसऱ्या प्रकारच्या दुःखात मंडळीची कर्तव्ये दोनच. एक, साहाय्य : १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि उपासमार होत असलेल्या मुलींना त्यांनी आश्रयासाठी आपल्याबरोबर नेले, स्वतःचे आईवडील दुष्काळात गमावलेल्या या स्त्रीने दुष्काळाचे प्रयोजन सांगण्यात वेळ घालविला नाही. दोन, विलापाला मोकळीक : स्तोत्रसंहितेत ईश्वराला जाब विचारणारी स्तोत्रे आहेत आणि ती उपासनेचाच भाग आहेत. ईयोबाच्या ग्रंथात तिघे मित्र प्रत्येक विपत्तीचे कारण सांगतात, ईयोब तक्रार करतो. आणि ग्रंथाच्या अखेरीस ईश्वराचा कोप होतो तो त्या तिघांवर.