मालवण किनारा आणि नभोवाणीचा पल्ला

नभोवाणीच्या इतिहासात शेतकरी, कामगार, गृहिणी आणि विद्यार्थी या श्रोत्यांना जे स्थान मिळाले, ते दर्यावर जाणाऱ्या माणसाला क्वचितच मिळाले. वास्तविक देवगड, मालवण आणि वेंगुर्ले या तीन तालुक्यांच्या सुमारे १२१ किलोमीटरच्या किनारपट्टीत रेडिओचा कस जमिनीवर लागला त्याहून अधिक समुद्रात लागला. आज प्रक्षेपणाची आणि ऐकण्याची साधने डिजिटल होत असताना, म्हणजे ध्वनीचे आकड्यांत रूपांतर करून तो पाठवण्याची पद्धत रूढ होत असताना, या बदलाची चर्चा बहुधा शहरातील श्रोत्याला गृहीत धरून होते. मालवणच्या किनाऱ्यावरून तोच बदल पाहिला तर त्याची दुसरी बाजू दिसते. गेल्या सहा-सात दशकांत प्रत्येक टप्प्यावर आवाज स्वच्छ होत गेला आणि कार्यक्रमांची संख्या वाढली, परंतु त्याच वेळी समुद्राकडचा पल्ला आखडत गेला.

भारतातील नियमित प्रक्षेपण २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्रावरून सुरू झाले. ही खासगी कंपनी तीन वर्षांतच बुडाल्यावर सरकारने सेवा आपल्या हाती घेतली आणि १९३६ साली तिला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. त्या काळी मालवण, देवगड आणि वेंगुर्ले हे ब्रिटिश अमलाखालील रत्नागिरी जिल्ह्याचे भाग होते, सावंतवाडी हे स्वतंत्र संस्थान होते आणि आजचा सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात येण्यास १ मे १९८१ हा दिवस उजाडावा लागला. जुने व्हॉल्व्हचे संच विजेवर किंवा अवजड बॅटरीवर चालत, त्यामुळे वीज नसलेल्या कोकणात ते तुरळकच दिसत. रेडिओ खऱ्या अर्थाने घरोघर आला तो ट्रान्झिस्टरच्या रूपाने, आणि तो येण्याची वाट बहुतांशी मुंबईच्या चाकरमान्यांची होती. संच बाळगण्यासाठी पोस्टातून परवाना काढावा लागे, त्याचे शुल्क दरसाल भरावे लागे आणि त्याची नोंद एका छोट्या पुस्तिकेत होई. ही पद्धत १९८० च्या दशकात संपली.

स्वातंत्र्योत्तर सरकारने ग्रामीण श्रोत्याचा विचार केला खरा, पण तो घाटावरचा श्रोता होता. युनेस्कोच्या साहाय्याने १९५६ साली पुणे केंद्राने ग्रामीण श्रोतृमंडळांचा जो प्रसिद्ध प्रयोग केला, त्यात गावातील मंडळीने एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवावेत अशी योजना होती. त्यासाठी निवडलेली सुमारे १५० गावे पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील होती. कोकणातील एकही जिल्हा त्यात नव्हता. प्रयोगाचे यश निर्विवाद आहे. मात्र त्यातून ग्रामीण प्रसारण म्हणजे शेतीविषयक प्रसारण हे समीकरण दृढ झाले आणि रापण ओढणारे गाव त्या चित्रात बसले नाही. (रापण म्हणजे किनाऱ्यावरून अर्धवर्तुळाकार टाकून अनेकांनी मिळून ओढायचे मोठे जाळे, ही मासेमारी मुळातच सामुदायिक असल्याने श्रोतृमंडळासाठी इतका तयार समूह दुसरीकडे सापडला नसता.)

याच काळात या प्रदेशात रेडिओला एक वेगळे आणि अधिक धाडसाचे काम मिळाले. सीमेपलीकडे पोर्तुगीज सत्तेने १९४६ साली एमिसोरा दि गोवा हे केंद्र सुरू केले होते आणि त्याचा आवाज सावंतवाडी, बांदे, वेंगुर्ले या भागात सहज येत असे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरणाऱ्या सत्याग्रहींवर पत्रादेवीसह सीमेवरील ठिकाणी गोळीबार झाला, अनेकांचा बळी गेला आणि त्यानंतर सीमा जवळजवळ बंद झाली. माणसे, टपाल आणि वृत्तपत्रे यांची ये-जा थांबली तेव्हा सीमा ओलांडू शकणारे एकच साधन उरले. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी, म्हणजे अफोंसो दि आल्बुकर्कने १५१० साली गोवा जिंकला त्याच तारखेला, व्हॉइस ऑफ फ्रीडम या गुप्त केंद्राचे प्रसारण सुरू झाले. त्याचे पहिले ठिकाण सावंतवाडी तालुक्यातील आंबोलीचे जंगल हे होते. पुढे ते कर्नाटकातील कॅसलरॉक येथे हलवण्यात आले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी पोर्तुगीज आणि कोकणी या भाषांतून हे केंद्र गोवामुक्तीपर्यंत, सुमारे सहा वर्षे, चालवले. आंबोलीसारख्या महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एका ठिकाणी, दाट रानात यंत्रे कोरडी आणि चालती ठेवणे हेच मोठे काम असले पाहिजे. गोव्यातील पोर्तुगीज राजवट संपली त्या १९ डिसेंबर १९६१ या दिवशी याच दोघांनी भारतीय हवाई दलाच्या विमानातून ध्वनिक्षेपकावर मुक्तीची वार्ता पणजीवरील आकाशातून दिली. लिबिया लोबो-सरदेसाई यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. त्या बातमीत आंबोलीचे नाव आले, तरी सिंधुदुर्गाच्या पर्यटन-पुस्तिकांत धबधब्यांच्या यादीपलीकडे आंबोलीच्या या इतिहासाला अद्याप जागा मिळालेली दिसत नाही.

या केंद्राच्या कामात रेडिओचा एक मूलगुण स्पष्ट होतो. रेडिओलहर कोणत्या घरात कोणत्या संचाने पकडली याचा मागमूस प्रक्षेपकाला लागत नाही. एकाने बोलायचे आणि हवे त्यांनी ऐकायचे, एवढाच तो व्यवहार आहे. मोबाइलवर इंटरनेटद्वारे ऐकू येणाऱ्या रेडिओत मात्र प्रत्येक श्रोत्यासाठी स्वतंत्र जोडणी होते, त्या जोडणीची नोंद राहते आणि जाळे बंद केले की ती तुटते. नाव दोन्हींचे रेडिओच, पण पहिला दवंडीसारखा आहे आणि दुसरा टपालासारखा. १९५५ सालच्या परिस्थितीत दुसऱ्या पद्धतीने गोव्यातील घरांत पोचणे अशक्य झाले असते.

मनोरंजनाचा इतिहास येथे थोडक्यात आटोपता येईल, कारण तो उर्वरित महाराष्ट्राहून फारसा निराळा नाही. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी मंत्र्यांच्या कारकिर्दीत १९५२ नंतर आकाशवाणीने चित्रपटगीतांवर कात्री चालवली, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि त्यांना परत आणण्यासाठी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. १९५५ साली पुणे केंद्राने सुरू केलेले गीतरामायणही कोकणात याच सुमारास रुजले.

किनाऱ्याच्या दृष्टीने निर्णायक ठरले ते रत्नागिरी केंद्र. १९७७ साली सुरू झालेले हे केंद्र मध्यम लहरींवर, ११४३ किलोहर्ट्झ या कंप्रतेवर ऐकू येऊ लागले. कंप्रता म्हणजे लहरीची एका सेकंदातील आंदोलने. ती जितकी कमी, तितकी लहर लांब. ११४३ किलोहर्ट्झची लहर सुमारे २६२ मीटर लांबीची असते आणि अशी लांब लहर सरळ रेषेत न जाता पृष्ठभागाला बिलगून, टेकड्या आणि क्षितिज यांना वळसा घालून जाते. कोरड्या खडकाळ जमिनीवरून जाताना तिची शक्ती लवकर क्षीण होते, तर खारे पाणी विजेचे चांगले वाहक असल्याने समुद्रावरून ती कितीतरी दूर पोचते. सड्यामागच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठाराआडच्या वाडीत जे केंद्र खरखरत असे, ते किनाऱ्यापासून दूर गेलेल्या होडीवर स्पष्ट लागे, याचे कारण हे आहे. गोवामुक्तीनंतर आकाशवाणीकडे आलेले पणजी केंद्रही मध्यम लहरींवरच होते, त्यामुळे मालवणची होडी उत्तरेला वळो वा दक्षिणेला, दोहोंपैकी एक आवाज तिच्या सोबतीला असे.

हा योग जुळून येण्याची वेळही महत्त्वाची होती. १९६० आणि १९७० च्या दशकांत होड्यांना इंजिने बसू लागली, गिलनेट आणि ट्रॉलर यांची मासेमारी वाढली आणि किनारा दिसेल इतक्याच अंतरात राहण्याची जुनी मर्यादा सुटली. पाण्याची खोली वावांत मोजणारा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, वारा, ढग आणि पाण्याचा रंग यांवरून हवामान ओळखत असे. पण दूरवर तयार होणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्याची खबर त्याला या खुणांतून वेळेवर मिळणे शक्य नव्हते. आकाशवाणीवरून दिला जाणारा मच्छीमारांसाठीचा इशारा ही त्या काळात खोल समुद्रात पोचणारी जवळजवळ एकमेव अधिकृत खबर होती. तिची भाषा प्रमाण मराठी आणि कार्यालयीन वळणाची असे. मालवणी बोलणाऱ्या खलाशाला तीत कितीही परकेपणा वाटला तरी वाऱ्याचा वेग आणि दिशा कळण्यापुरती ती पुरेशी होती.

यानंतर आले एफएम. या पद्धतीत लहरीची उंची न बदलता तिची कंप्रता बदलून ध्वनी वाहिला जातो, त्यामुळे विजेच्या कडकडाटाचा उपद्रव कमी होतो आणि संगीत अधिक निर्मळ ऐकू येते. परंतु १०० मेगाहर्ट्झच्या आसपासची ही लहर केवळ तीन मीटर लांबीची असते आणि जवळजवळ प्रकाशासारखी सरळ जाते. समुद्रसपाटीपासून १०० मीटर उंचीच्या आकाशकाचे क्षितिज साधारण ४० किलोमीटरवर संपते आणि होडी त्यापलीकडे गेली की आवाज झपाट्याने मावळतो. घाट, सडे आणि खाड्या यांनी चिरलेल्या सिंधुदुर्गात जमिनीवरही दऱ्याखोऱ्यांतील वाड्या एफएमच्या सावलीत राहतात. देशभर एफएमचा विस्तार होत असताना (२८ एप्रिल २०२३ या एकाच दिवशी १०० वॅट क्षमतेचे ९१ प्रक्षेपक कार्यान्वित झाले) मध्यम लहरींची जुनी, वीज खाणारी यंत्रे खर्चिक ठरू लागली. हिशेबाच्या वहीत हा निर्णय चुकीचा नाही. केवळ त्या वहीत समुद्रावरच्या श्रोत्याचा रकाना नाही.

डिजिटल टप्प्याने किनाऱ्यावरच्या गावांना दिले ते कमी लेखण्याचे कारण नाही. प्रसार भारतीच्या अॅपमुळे आकाशवाणीची दोनशेहून अधिक केंद्रे मोबाइलवर आली, म्हणजे मुंबईतल्या किंवा आखाती देशातल्या मालवणी माणसाला कोकणातील केंद्र ऐकता येऊ लागले, जे मध्यम लहरींना कधीच साधले नसते. त्याहून मोठा बदल आकाशवाणीच्या बाहेर घडला आहे. दशावतारी नाटके आणि डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांमध्ये रात्रभर रंगणारा सवाल-जवाबाचा सामना, हे प्रकार पूर्वी कॅसेटवर फिरत आणि रेडिओवर ठरावीक वेळेच्या चौकटीत, कापून-छाटून येत. आता ते यूट्यूबवर पूर्ण लांबीचे आणि अनेकदा थेट जत्रेतूनच दिसतात. मालवणी बोलीला निवेदकाच्या प्रमाण भाषेची परवानगी घ्यावी लागत नाही. जतनाचा प्रश्न मात्र राहतोच, कारण खासगी वाहिनीवरचे ध्वनिमुद्रण वाहिनीचा मालक ठेवील तोवरच टिकते.

समुद्रासाठी तांत्रिक उत्तर उपलब्ध नाही असे नव्हे. डिजिटल रेडिओ मॉन्डियल, संक्षेपाने डीआरएम, ही पद्धत मध्यम लहरींवरच डिजिटल ध्वनी पाठवते. लहरीचा लांब पल्ला कायम राहतो, एकाच कंप्रतेवर एकाहून अधिक कार्यक्रम आणि पडद्यावर मजकूर देता येतो, विजेची बचत होते आणि आपत्तीच्या वेळी संचाला आपोआप इशाऱ्याकडे वळवण्याची सोयही तीत आहे. आकाशवाणीने मध्यम लहरींचे सुमारे ३५ प्रक्षेपक या पद्धतीचे केले. अडले ते श्रोत्याच्या बाजूला: त्यासाठी नवा संच लागतो, तो महाग आहे, बाजारात सहज मिळत नाही आणि देशात तो मुख्यतः काही मोटारगाड्यांत बसवलेला आढळतो. होडीवर चालणारा, खाऱ्या हवेत टिकणारा आणि साध्या सेलवर चालणारा स्वस्त डीआरएम संच निघाला असता तर या पद्धतीचे भवितव्य वेगळे असते, असे म्हणण्यास जागा आहे.

दरम्यान सागरी इशाऱ्याचे काम रेडिओकडून इतर साधनांकडे गेले. हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती संस्थेची मासळीच्या संभाव्य ठिकाणांची सूचना मोबाइल संदेशाने येते. मनोऱ्याचा पल्ला संपतो तेथे उपग्रहाकडून संदेश घेणारे जेमिनी हे उपकरण २०१९ साली पुढे आले आणि त्यानंतर इस्रोने विकसित केलेला, होडीवरून उलट संदेशही पाठवू शकणारा नभमित्र ट्रान्सपॉन्डर आला. नोव्हेंबर २००९ मधील फयान वादळाने होड्यांची आणि माणसांची जी हानी केली, ती पाहता ही साधने आवश्यकच होती. तरीही त्यांचा लाभ यंत्र बसवलेल्या होडीलाच होतो, तर ट्रान्झिस्टर कोणत्याही नोंदणीविना छोट्या पातीवरसुद्धा नेता येई. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा विजेचे खांब कोसळून अनेक गावे अंधारात गेली आणि मोबाइल सेवाही कोलमडली. २०२३ साली केंद्र सरकारने मोबाइल उत्पादकांना फोनमधील एफएमची सोय बंद ठेवू नये असे सुचवले, त्यामागे आपत्तीतील हाच अनुभव होता.

रेडिओच्या आधीपासून चालत आलेली एक पद्धत या सगळ्यांत अजून टिकून आहे. भारतीय बंदरांवर वादळाची सूचना देण्यासाठी दिवसा बावटे आणि रात्री दिवे लावले जातात, त्यांचे १ ते ११ असे क्रम आहेत आणि लहान बंदरांवर त्यांपैकी मोजकेच वापरले जातात. यांतील १० क्रमांकाचा बावटा अतितीव्र वादळाचा आहे. त्याच्या पुढचा, ११ क्रमांकाचा शेवटचा बावटा, वादळाची सूचना देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला आहे हे कळवण्यासाठी चढवला जातो.