जुना गृहसंगणक आणि आजचे महाजाल : कसबा पेठेच्या परिसरातून एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

कसबा पेठ ही पुण्याची सर्वात जुनी वस्ती होय. तांबट आळी, कागदीपुरा, कुंभारवाडा ही येथील नावे कारागिरीचा इतिहास आजही सांगतात. या पेठेचा अभ्यास बहुधा दफ्तरे, देवस्थाने आणि वाडे यांच्या आधारे होत आला आहे. वाडा पाडून इमारत उभी राहते तेव्हा मात्र माळ्यावरील सामान अभ्यासकाच्या दृष्टीस पडण्यापूर्वीच भंगारात जाते किंवा रविवारी व बुधवारी भरणाऱ्या जवळच्या जुन्या बाजारात पोहोचते. तांब्याच्या घंगाळाचे मोल तेथे कोणीही सांगेल. इसवी सन १९८० नंतरच्या दशकातील गृहसंगणक मात्र नादुरुस्त खेळणे म्हणून विकला जाण्याचीच शक्यता अधिक. असे यंत्र आजच्या महाजालाला जोडता येते काय, आणि जोडताना कोणता इतिहास उलगडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गृहसंगणक म्हणजे घरातील दूरचित्रवाणी संचाला व कॅसेट रेकॉर्डरला जोडून वापरावयाचा लहान संगणक. इंग्लंडमध्ये १९८२ साली निघालेला सिंक्लेअर स्पेक्ट्रम हा त्यांतील विशेष लोकप्रिय संगणक होता. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ पासून परवान्याने 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' विकला. शाळांमध्ये आला तो बीबीसी मायक्रो. केंद्र सरकारच्या १९८४ च्या संगणक साक्षरता योजनेत, म्हणजे 'क्लास' प्रकल्पात, त्याची निवड झाली होती. स्पेक्ट्रमची स्मरणक्षमता ४८ किलोबाइट आणि प्रक्रियकाची गती ३.५ मेगाहर्ट्झ होती. एका पूर्ण पडद्याचे चित्र ६,९१२ बाइटचे असे आणि ते कॅसेटवरून यायला सुमारे ४० सेकंद लागत. कॅसेटच्या आवाजाची पातळी थोडी चुकली की सारा खटाटोप पुन्हा करावा लागे.

ही यंत्रे जात्याच एकाकी होती, असा समज आहे. तो बरोबर नाही. १९८३ साली स्पेक्ट्रमसाठी 'इंटरफेस वन' हा जोडभाग निघाला. त्यात क्रमिक दळणवळणाची सोय तर होतीच, शिवाय ६४ पर्यंत स्पेक्ट्रम एकमेकांना जोडता येत. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये 'मायक्रोनेट ८००' ही सेवा सुरू झाली आणि घरगुती संगणक दूरध्वनीवरून माहिती घेऊ लागले. पुण्यात अडचण यंत्राची नव्हती, तारेची होती. घरी दूरध्वनी मिळण्यासाठीच वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत असे. तो मिळाल्यावरही संगणकाने कोणाला फोन करावा, हा प्रश्न उरतोच. अर्नेट हे शैक्षणिक जाळे १९८६ साली सुरू झाले, परंतु त्याच्या आरंभीच्या केंद्रांत पुणे नव्हते. पुढे 'आयुका' आणि पुणे विद्यापीठ यांच्या ई-पत्त्यांत 'अर्नेट' हा शब्द दिसू लागला, तो संस्थांपुरता. पेठेतल्या घरापर्यंत ते जाळे आले नाही.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. प्रथम मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे, आणि त्यानंतर पुण्यात. पुणेकर ग्राहकांच्या ई-पत्त्यांत शहराची खूण म्हणून 'पीएन' ही अक्षरे येत. या सेवेच्या एका प्रकाराकडे इतिहासकाराने विशेष लक्ष द्यावयास हवे. 'शेल' खात्यात ग्राहकाचा संगणक स्वतः महाजालात शिरत नसे. तो निगमाच्या मोठ्या संगणकाला फोन लावी, आणि तेथून केवळ अक्षरे येत-जात. महाजालाची अवघड भाषा बोलण्याचे काम पलीकडचे यंत्र करी. क्रमिक जोडणी, मोडेम आणि टर्मिनलचे काम करणारा एखादा प्रोग्रॅम एवढी सामग्री असती, तर माळ्यावरच्या स्पेक्ट्रमलाही तत्त्वतः हे खाते वापरता आले असते. चित्रे दाखवणाऱ्या खात्याने हा भार ग्राहकाच्या यंत्रावर टाकला आणि नवा संगणक घेणे भाग पाडले. जुन्या यंत्रांना महाजालाची वाट बंद झाली ती येथे. त्यांच्या अंगच्या दुर्बलतेइतकाच मधल्या दुभाष्याचा लोप त्याला कारण झाला, असे माझे मत आहे.

आज हा दुभाषा बाजारातून विकत घेता येतो. लगतच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीसारख्या बाजारात लागणारे बहुतेक सुटे भाग मिळतात. पहिली काळजी मात्र विजेची घ्यावी. स्पेक्ट्रमच्या ९ व्होल्टच्या पुरवठ्यात ऋण ध्रुव पिनच्या मध्यभागी असतो, तर हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरांत धन. पिन नेमकी बसते म्हणून हाताला येईल तो अडॅप्टर लावणाऱ्याने यंत्र गमावलेच म्हणून समजावे. त्यानंतर दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात क्रमिक जोडणीला 'ईएसपी ८२६६' ही २०१४ साली बाजारात आलेली वायफाय चकती लावतात. ती जुन्या मोडेमचे सोंग घेते. संगणक क्रमांक फिरवण्याची आज्ञा देतो, चकती घरच्या राउटरमार्फत दूरच्या यंत्राशी संधान बांधते, आणि संगणकाला वाटते की फोन लागला. दुसऱ्या मार्गात संगणकाच्या पाठीमागील खाचेत 'स्पेक्ट्रानेट' हे कार्ड बसवतात. महाजालाचे मूलभूत संकेतनियम त्यावरील एका चिपमध्येच कोरलेले असतात. पहिला मार्ग स्वस्त असून त्याचा चमत्कारिकपणा लपत नाही : साहाय्यक चकतीची गती ८० मेगाहर्ट्झ, म्हणजे मालकाच्या वीसपटीहून अधिक. धनी म्हातारा आणि गडी तरणा, असा हा संसार आहे.

जोडणी झाली, दिवे लागले, आणि पडद्यावर मराठी मजकुराऐवजी निरर्थक चिन्हांची रांग उमटली, असे झाल्यास यंत्राला दोष देऊ नये. आजच्या युनिकोड लेखनात, यूटीएफ-८ पद्धतीने, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. स्पेक्ट्रम ते तीन वेगळी चिन्हे म्हणून वाचतो. वापरकर्त्याला स्वतः घडवता येणारी अक्षरे केवळ २१, आणि प्रत्येकाला ८ गुणिले ८ ठिपक्यांचा चौकोन. शिरोरेषा, तिच्यावरील वेलांटी आणि खालचा उकार एवढ्या उंचीत मावत नाहीत. जोडाक्षरांची गोष्टच नको.

येथे पुण्याचाच इतिहास मदतीला येतो. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले 'जिस्ट' तंत्रज्ञान १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये विकसित झाले. वैयक्तिक संगणकात बसवलेले जिस्ट कार्ड भारतीय लिप्यांची जुळणी स्वतःच करीत असे, म्हणजे तेही एक दुभाषाच होते. त्यामागील 'इस्की' या संकेतप्रणालीत देवनागरीचे चिन्ह एकाच बाइटमध्ये बसे, आणि १९९१ साली भारतीय मानक म्हणून तिला सुधारित रूप मिळाले. युनिकोडमधील देवनागरीचा वर्णक्रम इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरच बेतलेला आहे. त्यामुळे एकातून दुसऱ्यात रूपांतर करण्यास एक छोटा तक्ता बहुतांशी पुरतो. सहा हजार चिन्हांचा लेख युनिकोडमध्ये सुमारे १८ हजार बाइट व्यापतो, तर इस्कीत सहा हजार. ४८ किलोबाइटच्या यंत्राला हा फरक साधा नाही. मधल्या चकतीने युनिकोडचे इस्की करावे आणि स्पेक्ट्रमने १६ ठिपके उंचीची अक्षरे चित्ररूपाने रेखाटावी, म्हणजे पडद्यावर २४ ऐवजी १२ ओळी राहतील, पण त्या मराठीत वाचता येतील.

दुसरा अडथळा गुप्तलेखनाचा. आजची बहुतेक संकेतस्थळे सांकेतिक आवरणाशिवाय बोलतच नाहीत. त्यासाठी लागणारे गणित ३.५ मेगाहर्ट्झच्या प्रक्रियकाला वाजवी वेळेत झेपणारे नाही. म्हणून घरातीलच एखादा आधुनिक संगणक ते आवरण उतरवून साधा मजकूर पुढे पाठवतो. १९९५ च्या शेल खात्याची व्यवस्था अशा रीतीने पुन्हा उभी राहते, मात्र पलीकडचे यंत्र आता निगमाच्या इमारतीत नसून शेजारच्या खोलीत असते.

तेव्हा महाजालाला नेमके जोडले कोण गेले, असा आक्षेप शुद्धतावादी घेतील, आणि तो सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु जोडणीचा एक व्यावहारिक लाभ आहे. कॅसेटवरील चुंबकीय मुलामा काळाबरोबर झडतो. जुन्या कॅसेटवर कोणी मराठी मुलाने लिहिलेला प्रोग्रॅम असेल, किंवा एखाद्या दुकानाचा हिशेब. तो मूळ यंत्रात एकदा भरता आला, की त्याच तारेने उलट दिशेने बाहेर काढून आजच्या संगणकावर ठेवता येतो. भरण्याचे प्रयत्न फार वेळा करू नयेत, कारण प्रत्येक वेळी फीत थोडी झिजते. वाड्याचा माळा उतरवताना यंत्रासोबतची कॅसेट, तिच्यावरची पेनाने लिहिलेली चिठ्ठी आणि खरेदीची पावती वेगळी होऊ देऊ नये. जुन्या बाजारात पोहोचेपर्यंत या तीन वस्तूंची ताटातूट झालेली असते.